कुर्ल्याला किती घरे?



कुर्ला हा शब्द, मुंबईतल्या एका उपनगरी स्थानकाचे नाव, घेऊ. पाटीवर तो लिहिणाऱ्या मुलाला विचारले, अक्षरे किती, तर उत्तर येईल दोन : कु आणि र्ला. संगणकाच्या साठ्यात मात्र हा शब्द सहा संकेतांकांचा असतो. क, उकार, र, पाय मोडल्याची खूण, ल आणि काना. हे सहा संकेतांक आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवले की प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अठरा. आणि प्रोग्रॅमर दिवसभर ज्या काळ्या खिडकीसमोर बसलेला असतो, त्या टर्मिनलमध्ये हा शब्द लिहिला तर बहुतेक प्रोग्रॅम त्याच्यासाठी चार घरे राखून ठेवतात. अठरा, सहा, चार, दोन : एकाच स्थानकाच्या नावाची ही चार मापे. हेच नाव रोमन लिपीत लिहा. बाइट पाच, संकेतांक पाच, घरे पाच, अक्षरेही पाचच. रोमन लिपीत चारही मापे जुळतात, म्हणून चार मापे आहेत याचाच तिथे कुणाला पत्ता लागत नाही. स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय किरकोळ वाटेल, याची मला कल्पना आहे. पण या चार आकड्यांपैकी यंत्राने कोणता खरा धरायचा हा प्रश्न मराठीच्या दृष्टीने किरकोळ नाही, आणि त्याचे आजवर दिलेले उत्तर चुकीचे आहे, असे मला मांडायचे आहे.

आधी ही घरे आली कुठून ते पाहू. टर्मिनलची खिडकी म्हणजे गणिताची चौकटींची वही. एका ओळीत ऐंशी चौकटी, अशा चोवीस ओळी. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हीटी-१०० हा टर्मिनल १९७८ साली आला, त्याने हे माप रूढ केले. ऐंशीचा आकडा त्याही आधीचा, आयबीएमच्या भोक पाडायच्या कार्डांवरून आलेला. एका चौकटीत एक अक्षर, हा या वहीचा एकमेव कायदा. १९८०च्या सुमारास बर्कली विद्यापीठात केन आर्नल्ड यांनी कर्सेस नावाची लायब्ररी लिहिली, ती या कायद्यावरच उभी आहे. कर्सेस पडद्याची एक प्रत स्वतःच्या स्मृतीत ठेवते. प्रोग्रॅमने खिडकीत काही लिहिले की ते आधी त्या प्रतीत उतरते. मग ताजा करण्याचा हुकूम आला की जुनी प्रत आणि नवी प्रत यांची घरागणिक तुलना होते आणि जेवढी घरे बदलली तेवढीच पडद्याकडे पाठवली जातात. टेलिफोनच्या तारेवरून अक्षरे ठिबकत येण्याच्या काळात ही काटकसर गरजेची होती, आणि कल्पना इतकी सुबक की ती आजही चालू आहे. पण ही काटकसर एका गृहीतावर चालते : प्रत्येक घर स्वतंत्र आहे, शेजारच्या घरात काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

या गृहीताला पहिला धक्का चिनी, जपानी आणि कोरियन लिपींनी दिला. त्यांची अक्षरे एका घरात मावेनात. तोडगा सरळ होता : एका अक्षराला दोन घरे. ‘रुंद अक्षर’ हा शब्द टर्मिनलच्या दुनियेत रुळला तो इथून. (सी भाषेत ‘वाइड कॅरेक्टर’ नावाचा जो प्रकार आहे, त्यातली रुंदी स्मृतीतली आहे, पडद्यावरची नाही. या दोन रुंद्यांची गल्लत करून किती प्रोग्रॅमर रात्री उशिरापर्यंत जागले असतील, देव जाणे.) १९९६च्या एक्स-ओपन कर्सेस प्रमाणात रुंद अक्षरे खिडकीत लिहिण्याची फंक्शने आली, आणि एका घरात एक मूळ अक्षर व त्यावर बसणारी काही जोडचिन्हे मावतील अशी सोय झाली. एनकर्सेस या आज प्रचलित असलेल्या रूपात ती चिन्हे फार तर चार. कोणत्या संकेतांकाला किती घरे, हे सांगणारे एक छोटे फंक्शन असते. केंब्रिजचे मार्कुस कून यांनी २००१च्या सुमारास त्याची एक खुली आवृत्ती प्रसृत केली आणि ती असंख्य प्रोग्रॅमांत गेली. तिचा हिशेब असा : पूर्वेकडच्या रुंद अक्षरांना दोन, जागा न घेणाऱ्या जोडचिन्हांना शून्य, बाकी सगळ्यांना एक.

देवनागरीची अडचण त्या ‘बाकी सगळ्यांना’मध्ये आहे. युनिकोडने आपल्या स्वरचिन्हांचे दोन गट केले आहेत. उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही अक्षराच्या वर किंवा खाली बसणारी, म्हणून जागा न घेणारी. काना, दोन्ही वेलांट्या, विसर्ग ही बाजूला बसणारी, म्हणून जागा घेणारी. छापखान्याच्या दृष्टीने ही विभागणी बरोबरच आहे. पण तीच विभागणी उचलून घरांच्या हिशेबाला लावली की काय होते, ते उपनगरातल्या स्थानकांवरून दिसते. मुलुंड : सहा संकेतांक, तीन घरे, तीन अक्षरे, सगळे ठीक, कारण उकार दोन आणि अनुस्वार एक, तिघेही फुकटे प्रवासी. अंधेरी : तीन अक्षरांना चार घरे, कारण शेवटच्या वेलांटीने आपले तिकीट वेगळे काढले. घाटकोपर : पाच अक्षरे, सात घरे. बोरीवली : चार अक्षरे, सात घरे. विद्याविहार : पाच अक्षरे, दहा घरे. एकाच यादीत मुलुंडला अक्षरागणिक एक घर आणि विद्याविहारला अक्षरागणिक दोन. यात भाषेचा काही नियम शोधायला जाऊ नका; तो नाही. मुलुंडच्या नावात काना किंवा वेलांटी नाही, एवढेच.

आता टर्मिनलच्या बाजूने पाहू. त्याच्याकडे फॉन्ट आहे, आणि फॉन्टला अक्षर जुळवता येते. तो विद्यामधला द्या एकसंध काढतो, वेलांटी वच्या आधी नेतो आणि शब्द समजा आठ घरांतच आटोपतो. प्रोग्रॅमने मात्र दहा घरे मोजली आहेत. त्याने अकराव्या घरात जी उभी रेघ काढायला सांगितली, ती काही टर्मिनल नवव्या घराशी काढतात, तर काही दोन घरे मोकळी सोडून अकराव्यातच. पहिल्या प्रकारात खिडकीची उजवी कड दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसते. दुसऱ्यात कड सरळ, पण शिरोरेषा तुटलेली आणि अक्षरे विखुरलेली. याहून वाईट अवस्था ह्रस्व वेलांटीची. दहिसर शब्दात ती साठ्यात हनंतर येते आणि दिसते हच्या आधी. घरांच्या कायद्याने तिचे घर हच्या उजवीकडे. म्हणजे टर्मिनलने कायदा पाळला तर हची वेलांटी सवर जाऊन बसते, आणि मोडला तर कर्सर कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात बोलका दाखला पुन्हा कुर्ल्याचाच. कुणी कुर्ला लिहितात, कुणी कुरला. घरांच्या हिशेबाने दोन्ही शब्द चार घरांचे : कु, र, ल, काना. फरक एवढाच की पहिल्यात दुसऱ्या घरातल्या रचा पाय मोडला आहे. समजा, खिडकीत कुर्ला होते आणि प्रोग्रॅमने तिथे कुरला लिहिले. कर्सेस दोन्ही प्रती ताडून पाहते, फक्त दुसरे घर बदललेले आढळते आणि तेवढेच पाठवते. पण डोळ्याला दिसणारा बदल दुसऱ्या घरात नाहीच. रफार होता तो तिसऱ्या-चौथ्या घरावर, ‘ला’च्या डोक्यावर. ती घरे प्रोग्रॅमच्या मते जशीच्या तशी आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल तो काहीच पाठवत नाही. टर्मिनलने स्वतःच्या शहाणपणाने पूर्ण ओळ पुन्हा जुळवली तर निभावते. नाही तर नवा र आणि जुना रफार एकाच ओळीत नांदू लागतात. घर स्वतंत्र असते हे गृहीत इथे कोसळते. देवनागरीत शेजारी शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो.

यंत्राच्या ठरलेल्या पावलात देवनागरी बसवण्याचा प्रश्न टर्मिनलने पहिल्यांदा उभा केला असे मात्र नाही. विक्रोळीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या गोदरेजनी १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. टाइपरायटरची गाडी दर ठोक्याला सारखेच पाऊल टाकते, म्हणजे तोही घरांचाच कारभार. रेमिंग्टन वळणाच्या देवनागरी कळपाटावर हा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहण्यासारखे आहे. ग एका ठोक्यात येतो. पण भ, ण, श, ध यांना दोन ठोके लागतात : आधी अर्धे अक्षर, मग काना, कारण त्या अक्षरांचा दंड आणि काना यंत्राच्या लेखी एकच. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती आधी दिसते. उकार-मात्रांच्या कळांनी गाडी हलत नाही. आणि कुर्ला टाइप करताना क, उकार, ल, काना असे चार ठोके मारून झाल्यावर पाचवा ठोका रफाराचा. रचा उच्चार लच्या आधी होतो, पण टायपिस्ट रफारासाठी थांबून राहतो, कारण कागदावर तो शेवटी बसतो. त्या काळात शब्दाचा क्रम डोळा ठरवत असे. जुळवाजुळव करण्याची अक्कल यंत्रात नव्हती, ती टायपिस्टच्या बोटांत होती.

संगणकाने हे उलटे केले, आणि ते योग्यच केले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९८८ नंतर फोफावलेले जिस्ट तंत्रज्ञान, त्यातून घडत गेलेले इस्की हे १९९१चे भारतीय प्रमाण आणि नंतर युनिकोड, या सर्वांचे तत्त्व एकच : साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने, दाखवायचे ते डोळ्याच्या क्रमाने. मग मधली जुळवणी कुणी करायची? जिस्ट कार्डाचे उत्तर मला अजूनही शहाणपणाचे वाटते. हे कार्ड पीसीच्या पोटात बसे. डॉसवरचे इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेससारखे प्रोग्रॅम नेहमीसारखेच बाइट लिहीत. त्यांना जोडाक्षरांची गंधवार्ता नसे. अक्षर जुळवायचे ते कार्ड. पुढे जुहूच्या एनसीएसटीमध्ये, जी संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली, लिनक्ससाठी इंडिक्स नावाचा प्रकल्प झाला. त्यातही विचार हाच : प्रत्येक प्रोग्रॅमला देवनागरी शिकवत बसण्यापेक्षा एक्स विंडोच्या तळाशीच ती एकदा शिकवावी. पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवून पुढे एनसीएसटीत काम केलेल्या र. कृ. जोशी यांचा मंगल हा फॉन्ट विंडोज २०००मधून घरोघरी पोहोचला, आणि जुळणी फॉन्टाच्या आत नियमांनी होऊ शकते हे सर्वांना दिसले. दिसण्याचा प्रश्न सुटला. मोजण्याचा तसाच राहिला, कारण चित्राच्या खिडकीत मोजायची गरजच पडत नाही. अक्षर जितके रुंद, तितकी जागा.

माझे म्हणणे असे. रुंदी हा संकेतांकाचा गुण नाही, अक्षराचा आहे. काना किती घरांचा, हा प्रश्नच विचारू नये. र्ला किती घरांचा, हे विचारावे. आणि त्याचे उत्तर फॉन्टवर सोपवू नये, ते मजकुरावरूनच निघाले पाहिजे. कारण टर्मिनलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम आणि दाखवणारा पडदा बहुधा दोन वेगळ्या यंत्रांवर असतात. प्रोग्रॅम चालतो दूरच्या सर्व्हरवर, पडदा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-संकुलातल्या टेबलावर. त्या टेबलावर कोणता फॉन्ट निवडला आहे हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून दोघांकडे एकच तक्ता हवा आणि दोघांनी तो अक्षरागणिक वाचायला हवा. आज तसे नाही. सी भाषेच्या प्रचलित लायब्ररीच्या हिशेबाने कुर्ला चार घरांचा. पायथनमध्ये वापरली जाणारी याच कामाची एक लायब्ररी २०२३ साली कान्याला शून्य धरू लागली, तिच्या हिशेबाने तीन घरांचा. दोन्ही बाजूंकडे कारणे आहेत. पण एकाने चार आणि दुसऱ्याने तीन म्हणण्यापेक्षा दोघांनी मिळून चूक केली असती तर खिडकीची कड निदान सरळ राहिली असती.

अक्षर म्हणजे काय हे यंत्राला कळणार कसे, ही शंका आता जुनी झाली. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ने मजकुराचे तुकडे पाडण्याच्या नियमांत एक नवा नियम घातला. त्याआधी प्रमाणाच्या लेखी जोगेश्वरीचे पाच तुकडे होत : जो, गे, पाय मोडलेला श्, व, री. नव्या नियमाने श्व अखंड राहतो आणि तुकडे होतात चार, शाळेतल्या मुलाने पाडले असते तसे. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मल्याळम या लिपींना तो लागू आहे. जी गोष्ट आपल्याकडे अक्षर या एका शब्दात मावते, ती प्रमाणात यायला १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून तीन दशकांहून अधिक काळ लागला. असो, पण आली.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आता टर्मिनल वापरतो कोण? मराठी मोबाइलवर उत्तम दिसते, मग काळ्या खिडकीची चिंता कशाला? हा आक्षेप उपनगरांत तरी घेऊ नये. सीप्झ १९७३चे, आज तिथे, पवईला, मालाडच्या संकुलांत, ठाणे-मुलुंडच्या हद्दीवर हजारो माणसे रोज याच खिडकीतून सर्व्हरशी बोलतात. त्या सर्व्हरवरच्या नोंदींत मराठी नावे, पत्ते, तक्रारी आता देवनागरीतही येतात. नोंद तपासणाऱ्याला ती तुटकी दिसली तर चूक डेटाची की पडद्याची हे त्याला कळत नाही. शंका नको म्हणून तो काय करतो? पुढच्या वेळी नाव रोमनमध्येच मागतो. शिवाय चौकटींची वही टर्मिनलपुरती नाही. दुकानातली पावती, बँकेचे पासबुक, जिथे जिथे रकाने सरळ यावे लागतात तिथे तिथे हाच हिशेब आहे.

दुसरा आक्षेप अधिक मोहक : चिनी-जपानीसारखी प्रत्येक अक्षराला सरसकट दोन घरे द्या आणि मोकळे व्हा. चिनी अक्षर मुळातच चौरस आहे. गजबजलेले असो की दोन रेघांचे, जागा सारखीच व्यापते. आपला र आणि आपला क्ष्म्या एका मापाचे नाहीत. रला दोन घरे दिली तर शिरोरेषा ताणावी लागेल, आणि क्ष्म्याला दोनच दिली तर तो चिरडेल. ताणण्याला माझी हरकत नाही, शिरोरेषा ही आपल्या लिपीने यंत्राला दिलेली देणगीच आहे. रोमन अक्षरांमधली मोकळी जागा ताणून झाकता येत नाही, आपली येते. पण चिरडण्याला आहे. एक, दोन, क्वचित तीन अशी अक्षराच्या घडणीवरून ठरणारी घरे हा मधला मार्ग मला पटतो. सुट्या व्यंजनाला एक, काना किंवा वेलांटी लागली की दोन, आडवी जोडणी जास्त झाली तर तीन. रफार, मात्रा, अनुस्वार यांना काही नाही. या हिशेबात कुर्ला तीन घरांचा होतो : कु एक, र्ला दोन. आणि विद्याविहार नऊ घरांचा. कुणी म्हणेल, पायथनच्या लायब्ररीनेही कुर्ल्याला तीनच दिली होती. दिली, पण तिने त्यातले एक घर रला दिले आहे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही.

तिसरा आक्षेप असा की लिपीच थोडी बदलावी. जोडाक्षरे सोडवून पाय मोडून लिहावी, ह्रस्व वेलांटी उजवीकडे न्यावी, म्हणजे घरांचा कायदा आपोआप पाळला जाईल. हे काही वेडेपण नाही, याला मोठी परंपरा आहे. सावरकरांची अची बाराखडी यंत्राची सोय पाहूनच पुढे आली. १९५३च्या लखनौ परिषदेत ह्रस्व वेलांटी आखूड करून अक्षराच्या उजवीकडे द्यावी असे खरोखर ठरले होते, म्हणजे आजच्या टर्मिनलला हवे तेच. काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला, कारण वाचणाऱ्याला आखूड आणि लांब वेलांटीतला फरक पुरेसा कळेना. मराठीला तर जोडणी सोडवणे अधिकच महागात पडेल. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्हींत पाय मोडलेला रच आहे, फरक आहे तो फक्त त्याच्या जोडल्या जाण्यात. पाय मोडून सुटा लिहिला की र् आणि ऱ् यांच्यात राहतो तो एक ठिपका, आणि चौकटीतल्या बारीक अक्षरांत तो ठिपका वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवावा लागतो.

चौथा प्रश्न आक्षेप नाही, खरी अडचण आहे, आणि तिच्यावर माझे उत्तर पूर्ण नाही. जुने प्रोग्रॅम चाळीस वर्षांचे आहेत. ते अक्षरागणिक मोजायला शिकणार नाहीत. त्यांच्यासाठी टर्मिनलने दोन्ही हिशेब ठेवावे आणि नव्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच सांगावे की मी अक्षराने मोजतो, अशी वाट काही टर्मिनल चोखाळू लागले आहेत. किटी या टर्मिनलने तर २०२५मध्ये एक पाऊल पुढे टाकून हा तुकडा इतक्या घरांचा समज, असे प्रोग्रॅमलाच सांगू देण्याची सोय केली. सोय चांगली आहे, पण पुन्हा प्रत्येक प्रोग्रॅम आपापला आकडा सांगणार आणि तक्ता कुणाचाच नसणार.

तक्ता ठरला तरी एक काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे उरतेच, ते कर्सरचे. बाणाची कळ दाबली की कर्सरने पूर्ण अक्षर ओलांडावे यात मला शंका नाही. र्लाच्या पोटात उभे राहायला जागा नाही. खोडण्याचे मात्र वेगळे. टाइप करताना चुकलेला काना खोडायला बॅकस्पेस दाबली आणि अख्खा र्ला गेला, तर लिहिणारा वैतागेल, आणि त्याचे बरोबर असेल. म्हणून चालावे अक्षराने आणि खोडावे संकेतांकाने. कुर्ला लिहून बॅकस्पेस एकदा दाबली की काना जावा आणि कुर्ल उरावे. दुसऱ्यांदा दाबली की ल जावा. आणि त्याच क्षणी, ज्याच्या डोक्यावर बसला होता तो गेल्यामुळे, रफाराने खाली उतरून कुच्या शेजारच्या घरात पुन्हा पाय मोडलेला र् व्हावे.